पाया किती फूट?

लातूर-औसा रस्त्यावरच्या नव्या प्लॉटिंगात घर बांधायला निघालेला माणूस मिस्त्रींना पहिला प्रश्न विचारतो तो हाच: पाया किती फूट? हातात बहुधा दुसऱ्या कुणाचं कोटेशन असतं. त्यात पाया पाच फूट, स्क्वेअर फुटाच्या दरात बसवलेला. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं आहे, "खणल्यावर सांगतो." हे ऐकून काही गिऱ्हाइकं उठून जातात. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटत नाही. उलट थोडा तोराच चढतो.

वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, एवढं इथं शेंबडं पोरही सांगेल. घोडं अडतं ते काळी नेमकी कुठं संपते या ठिकाणी. बेसाल्ट सगळीकडे सारखा झिजत नाही. एकाच प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम लागतो आणि समोरच्या कोपऱ्यात आठ फुटांवरही पहार लोण्यासारखी आत जाते. त्यात मध्येच गोटे असतात. पहार खणकन वाजते, मजूर ओरडतो, "लागला खडक!" आणि तो असतो मातीत नुसता रुतलेला सुटा दगड. मिस्त्री अशा दगडाच्या चारही बाजूंनी पहार मारून बघतात. खालून भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर दगड उचला आणि खणत राहा.

दुसरा प्रश्न हमखास येतो: "नुसतं ग्राउंड फ्लोअर आहे हो, एवढं खोल कशाला?" इथं मिस्त्रींचा आवाज चढतो. काळी पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात रानातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, त्याच मातीवर घर उभं करायचं असतं. जड इमारत आपल्या वजनानं ती फुगवटी बरीचशी दाबून धरते. हलक्या बांधकामाला मात्र ती अलगद उचलते. म्हणून आधी तडकतात त्या कंपाउंडच्या भिंती, पायऱ्या, बाथरूमचा कोबा. वर लोक शोषखड्डा पायाला खेटून काढतात आणि कडुनिंब खिडकीजवळ लावतात. एक पाणी देतो, दुसरा शोषून घेतो, मधल्या मध्ये भिंत चिरते. अशी चीर दिसली की मिस्त्री मोटरसायकल हळू करतात. घर दुसऱ्या कुणी बांधलेलं असेल तर जरा जास्तच हळू. त्यातला आनंद ते लपवत नाहीत.

किल्लारीचा विषय निघाला की मात्र ते गंभीर होतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तिथली घरं पडली ती पाया कच्चा म्हणून, असं कितीतरी जण आजही समजतात. मिस्त्रींनी ते ढिगारे पाहिले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांचे दोन पदर एकमेकांना न बांधलेले, आणि डोक्यावर माळवदाची मणामणाची माती. बऱ्याच ठिकाणी लाकडी खण उभेच राहिले, भिंती तेवढ्या ढासळल्या. म्हणून "भूकंपात टिकेल ना?" असं कुणी विचारलं की ते पायाबरोबर जोत्याच्या बीमवर, लिंटेलच्या पट्ट्यावर, रिंगांच्या वाकवलेल्या टोकांवर बोलत सुटतात. गिऱ्हाइकाला हवं असतं एका शब्दाचं उत्तर.

जेसीबीवर त्यांचा राग जुना आहे. यंत्र दिवसाभरात सगळे खड्डे काढतं हे खरं, पण बकेटचे दात तळ उकरून ठेवतात. खाली जी भुसभुशीत माती उरते तिच्यावरच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओतून मोकळे होणारे ठेकेदार त्यांना नावानिशी ठाऊक आहेत. शेवटचा अर्धा फूट टिकाव-फावड्यानंच काढायचा आणि लगेच पीसीसी करायचं, हा त्यांचा हट्ट. चुकून जास्त खणलं गेलं तर माती परत ढकलायची नाही, कमी सिमेंटचं काँक्रीट भरायचं.

शहरातले नवे इंजिनिअर काळीत बल्बचे पाइल घालतात. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं रुळवलेली ही पद्धत. साधारण साडेतीन मीटर खोल, खाली दांड्याच्या अडीचपट रुंद फुगवटा. पावसापाण्यानं हलणाऱ्या मातीच्या खाली जाऊन धरायचं, हे तत्त्व मिस्त्रींना मान्य आहे. तक्रार वेगळीच. "बल्ब पुरता कापला का, आत माती ढासळली का, कोण उतरून बघणार?" ज्या तळाला हात लागत नाही त्यावर त्यांचा भरवसा बसत नाही.

आणि आता त्यांचाच हात तळाला लागत नाही. गुडघे गेलेत. शिडीवरून उतरायला डॉक्टरांनी बंदी केली आहे. खड्ड्यात भाचा उतरतो आणि खालून मोबाइलवर व्हिडिओ काढतो. पोरगा हुशार आहे, डंपी लेव्हल मिस्त्रींपेक्षा चांगली लावतो. पण व्हिडिओत सगळेच तळ सारखे दिसतात. काठावर खुर्ची टाकून बसायचं म्हणजे मिस्त्रींना आपण घरमालक झाल्यासारखं वाटतं, आणि ते त्यांना मुळीच सोसत नाही.

एका मास्तरांच्या घराचा कोपऱ्यातला खड्डा असाच अडून बसला. भाचा खालून म्हणाला, "मामा, इकडून मुरूम लागलाय, तिकडून अजून काळीच हाय."

"फोन ठेव खिशात. दोन्हीकडं पहार मार, जोरात."

दोन्ही आवाज ऐकूनही त्यांचं समाधान होईना. संशयाच्या बाजूची माती त्यांनी घमेल्यातून वर मागवली, थेंबभर पाणी घालून तळहातावर वळली. बारीक सुतळीएवढी झाली तरी तुटेना. काळीच. अर्धं फूटिंग मुरमावर आणि अर्धं फुगणाऱ्या मातीवर ठेवण्यापेक्षा सगळंच मातीवर ठेवलेलं परवडलं, असं ते पुटपुटले आणि आणखी दोन फूट खणायला सांगितलं.

जेसीबी परत गेलेला. काठावर उभे असलेले मास्तर म्हणाले, "मिस्त्री, बाकीच्या खड्ड्यांना पुरलं ते याला का पुरत नाही? आणि हे दोन फूट कुणाच्या खर्चात?"

"तुमच्या, सर. ब्रासचा दर कागदावर लिहिलाय. टेप भाच्याकडं आहे, मोजून घ्या."

मास्तरांनी खरंच टेप मागितली.