पॅरिस ते अजिंठा, एका दालनात

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी गेले ती अमृता शेरगिलसाठी. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये हे संग्रहालय १९५४ पासून आहे. अमृता अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९४१ साली लाहोरमध्ये वारली. तिची बरीचशी चित्रं इथे एकत्र आहेत. पुस्तकात ती सुटी सुटी भेटतात. इथे एकापाठोपाठ एक बघता आली आणि त्यामुळेच तिचं बदलणं नजरेत भरलं.

‘यंग गर्ल्स’ १९३२ चं, पॅरिसमधलं. दोन तरुणी, एकीचे केस मोकळे सुटलेले. कापडाच्या चुण्या, कातडीवरचा उजेड, सगळं कसं तयारीचं. हात पक्का बसलाय हे कुणालाही कळावं. मग १९३५ चं ‘थ्री गर्ल्स’. भारतात परतल्यावरचं. लाल, हिरव्या, केशरी कपड्यांतल्या तीन मुली अगदी खेटून बसल्यात, पण कुणी कुणाकडे बघत नाही. याच चित्राला १९३७ मध्ये मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं.

सगळ्यात जास्त रेंगाळले ती ‘ब्रह्मचारी’पाशी. १९३७ चंच. सावळ्या, उघड्या अंगाचे पाच बटू, जानवी, पांढरी धोतरं. जवळ गेले तर पांढरा नुसता पांढरा नव्हता. कुठे निळसर, कुठे मातकट. चुण्यांचा सोस गेलेला. अंगं सपाट रंगात, रेषेने बांधलेली. हे बळ तिला कुठून मिळालं, ते मराठी माणसाला सांगायला नको. त्याआधी काही महिनेच ती अजिंठा-वेरूळ बघून दक्षिणेत गेली होती. पॅरिसमध्ये कमावलेलं तिने टाकून दिलं नाही. त्यातलं काय ठेवायचं, हे मात्र अजिंठ्यानंतर नव्याने ठरवलं, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

बाकीची दालनं मी भराभर उरकली. इतकं पाहिल्यावर डोळे आणखी काही घेईनात.

अजिंठ्याला मी शाळेच्या सहलीत गेले होते. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, त्याचा मुकुट, हातातलं कमळ बघून आम्ही पुढे पळालो होतो. आता पुन्हा जायचंय. या वेळी पद्मपाणीच्या आजूबाजूची, नाव नसलेली माणसं बघायला.