बिल्ला खिशात

शिरोळ तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या गट ऑफिसबाहेर जानेवारीतल्या एका सकाळी मी तात्यांबरोबर उभा होतो. त्यांच्या सव्वा एकरातल्या आडसाली उसाला तुरा आला होता. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं. तोडीची पाळी कधीच उलटून गेली होती. आत जाण्याआधी तात्यांनी शर्टावरचा शेतकरी संघटनेचा बिल्ला काढला, खिशात टाकला आणि चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ‘अण्णा’ अशी हाक मारली. अण्णा त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचा. तीन दिवसांनी ऊसतोडीची टोळी फडात उतरली.

दोनच महिन्यांपूर्वी हेच तात्या संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या रांगेत बसून कारखान्याच्या चेअरमनांच्या नावानं घोषणा देत होते.

राजकीय आश्रयाची जाळी आणि जनआंदोलनं हा माझा अभ्यासाचा विषय. पुस्तकांत ही दोन वेगळी माणसं असतात. एक साहेबांच्या दारात हात जोडून उभा, दुसरा रस्त्यावर मूठ आवळून. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही वहीत अशा दोन याद्या केल्या होत्या. महिनाभरात दोन्हीकडं तीच नावं दिसायला लागली, तेव्हा वही बंद केली.

प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगीळांचा हिशेब त्यामागं होता. पुढं राज्यभर कारखाने निघाले, आणि कारखान्याभोवती सोसायटी, जिल्हा बँक, दूध संघ, शाळा, कॉलेज असा गोतावळा जमला. उसाची नोंद, पीककर्ज, मुलाचा प्रवेश, पुतण्याची नोकरी, सगळ्याला एकच दार. त्या दारातून जे मिळतं ते हक्क म्हणून मिळत नाही, ‘आपला माणूस’ म्हणून मिळतं. इंग्रजीत याला भारदस्त नाव आहे. गावात ‘साहेबांनी काम केलं’ एवढंच म्हणतात. मला गावाची व्याख्या जास्त नेमकी वाटते, कारण काम एकेकट्याचंच होतं.

सगळी गोम तिथंच आहे. तोडीची तारीख चिठ्ठीनं बदलते. उसाचा दर बदलत नाही. चेअरमन मनात आणलं तर तात्यांचा ऊस आधी तोडू शकतात, पण तात्यांना टनाला शंभर रुपये जास्त आणि शेजाऱ्याला कमी, असं त्यांना करता येत नाही. दर द्यायचा तर सगळ्या सभासदांना. जे एकेकट्याला देता येतं त्यातून आश्रय तयार होतो. जे दिलं तर सगळ्यांनाच द्यावं लागतं, त्यासाठी आंदोलन करावं लागतं. तात्या खोटं वागत नव्हते. दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी दोन वेगळ्या दारांत मागितल्या होत्या.

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांना हे फार आधी कळलं होतं. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. कांद्याचं आंदोलन उभं केलं, आणि 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला तीनशे रुपये मागत शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर बसले. कार्यक्रम एककलमी होता: शेतमालाला भाव. विहिरी नकोत, सबसिडी नको. टीकाकार याला हट्ट म्हणत, पण डावपेच म्हणून तो बिनतोड होता. विहीर मागितली असती तर कुणीतरी संचालक दोघांना विहिरी देऊन तिसऱ्याला घरी पाठवू शकला असता.

गावात मात्र गोष्टी इतक्या स्वच्छ नसतात. आंदोलनात उसाची वाहतूक रोखायच्या रात्री ज्या ट्रॅक्टरची हवा सोडली, तो चुलतभावाचा निघतो, आणि त्याचे हप्ते कारखान्याच्या ओळखीनं मिळालेल्या कर्जाचे असतात. मी पाहिलेल्या एका गावात हवा सोडणाऱ्यानंच पहाटे पंप आणून दिला होता. आंदोलनाला माणसं गोळा होतात तीही भावकी, तालीम, दूध डेअरीचा कट्टा याच वाटांनी. मतं गोळा करायच्या वाटाही याच.

मग आश्रयाचं जाळं आंदोलनाला गिळतं का? नेत्याला गिळू पाहतं, हे खरं. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांच्या पहिल्या निवडणुकांत लोकांनी मताबरोबर नोटही दिली. 2009 मध्ये त्यांनी लोकसभेला हातकणंगलेत निवेदिता माने यांना हरवलं. 2019 मध्ये ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत, म्हणजे ज्या कारखानदारांशी आयुष्यभर भांडले त्यांच्याच मांडवात उभे राहिले, आणि निवेदिता माने यांचे चिरंजीव धैर्यशील यांच्याकडून हरले. पराभवाला इतर कारणंही होती. पण दर मागणारा माणूस चिठ्ठी देणाऱ्यांच्या रांगेत बसला की मतदार त्याला चिठ्ठीच्या मापानं मोजतो, आणि त्या मापात तो कायम तोकडा पडतो, असं माझं मत आहे. मागणी मात्र गिळली गेली नाही. 2023 च्या नोव्हेंबरात मागच्या हंगामाच्या उसाला वाढीव पैसे मागत शेतकऱ्यांनी शिरोली पुलाजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, तेव्हा खासदारकी जाऊन शेट्टींना चार वर्षं झाली होती.

जाळ्यापाशी वाटायला काही उरत नाही, तेव्हा जास्त मोठं काहीतरी उसळतं. चेअरमनांच्या शब्दावर पोरगा कारखान्यात चिकटायचा, ते दिवस सरले. 2016 च्या मराठा मोर्चांत आरक्षणाची मागणी एवढ्या जोरानं का आली, याचं एक उत्तर मला त्या बंद झालेल्या भरतीत दिसतं. त्या मोर्चांत मुली पुढं होत्या आणि पुढाऱ्यांना मागं चालायला सांगितलं होतं. असा उलटा क्रम मी तोवर कधी पाहिला नव्हता.

मागच्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. ऊस परिषदेला यंदाही जाणार आहेत. ‘सर, गाडी भरायची हाय, येताय का?’ म्हणाले. सभासदांची सवलतीची दिवाळीची साखर त्यांनी आदल्याच दिवशी उचलली होती.