वैनगंगेकाठची पवनी

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वैनगंगेच्या पश्चिम तीरावर पवनी हे तालुक्याचे गाव वसले आहे. मंदिरे व घाट यांच्या संख्येमुळे लोक त्यास ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. परंतु पवनीचे खरे वैभव तिच्या मातीखाली दडलेले आहे.

गावाच्या तीन अंगांना मातीचा प्रचंड तट व खंदक असून चौथ्या अंगास नदी आहे. एवढा तट उभारावयास राखण्याजोगे काही असावे लागते, आणि ते येथे होते. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. तेथे सुमारे 40 मीटर व्यासाच्या स्तूपाचे अवशेष निघाले. सांचीच्या महास्तूपाशी तुलना व्हावी, असा हा आकार. त्याच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी येथील सामान्य गृहस्थांच्या हाती दान करण्याइतका पैसा खेळत होता, याची ही जणू खातेवहीच होय. आज त्या टेकडीवर गेलेल्या प्रवाशास फारसे काही दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्यामानाने पंचमुखी गणेशाच्या दर्शनास गर्दी असते. विदर्भातील अष्टविनायकांपैकी तो एक आहे. रुयाड येथील महास्तूप मात्र अगदी अलीकडचा.

पुढील काळात पवनी ओळखली गेली ती रेशीमकाठी वस्त्रांसाठी. येथील कोष्टी विणकर अतिशय तलम सूत हाताळीत. 1877 मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या स्वस्त कापडाशी हातमागाची गाठ पडली. मालाच्या गुणवत्तेत कमीपणा नसतानाही भावात हार पत्करावी लागते, हा अनुभव व्यापारी घराण्यांस नवा नाही. पवनीच्या मागांवर तीच वेळ आली. आज तालुक्याचा भरवसा मुख्यत्वे धानावर आहे. या पट्ट्यात मिरचीचे सातरेही चालतात. तेथे बाया दिवसभर बसून मिरचीची देठे खुडतात. हाताची आग सोसून मिळणारी ही मजुरी बेताचीच, पण कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटतात.

गावाचे भवितव्य मात्र वेगळ्याच ठिकाणी ठरत आहे. पवनीच्या उत्तरेस जवळच गोसीखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची कोनशिला बसविली. मूळ अंदाज सुमारे 372 कोटींचा होता. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला आणि काम दशकानुदशके रेंगाळले. अडीच लाख हेक्टर सिंचनाच्या अपेक्षेने अनेक गावांनी शेते व घरे सोडली. शेत हे मुद्दल होय. त्याचा रोख मोबदला व्याजासारखा खर्चून बसल्यास पुढच्या पिढीच्या हाती काय उरणार, हा प्रश्न कोणत्याही ताळेबंदात मांडलेला नसतो. त्यातच नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तेथून वैनगंगेत येते. काशी म्हणविणाऱ्या गावाच्या घाटाशी हे पाणी पोहोचावे, यापरते दुर्दैव कोणते? ऑगस्ट 2020 च्या अखेरीस महापूर आला, तेव्हा याच नदीने जिल्ह्यातील काठच्या वस्त्यांस घरे सोडावयास लावली.

तरीही पवनीस नवा आधार मिळण्याची चिन्हे आहेत. 2012 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. नागझिऱ्याहून चालत आलेल्या ‘जय’ नावाच्या वाघामुळे त्याची कीर्ती दूरवर गेली. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला, परंतु पर्यटक येतच राहिले. अभयारण्याचे एक प्रवेशद्वार पवनीच्या बाजूस आहे. वाघ पाहून परस्पर नागपूरला परतणारा प्रवासी अर्धा दिवस गावात थांबला, तर खानावळी, वाहनचालक व वाटाडे यांना काम मिळेल. कदाचित एखादा मागही पुन्हा चालू होईल. त्यासाठी टेकडीवर एक चांगला माहितीफलक आणि सावलीची जागा एवढी तरतूद प्रथम व्हावयास हवी.

जाणाऱ्यांनी पावसाळा टाळावा. हिवाळ्यात सकाळी टेकडी पाहून, दुपारी तटावरून फेरफटका मारून सायंकाळी वैजेश्वराच्या घाटावर बसावे. त्या वेळी ढिवरांच्या नावा परतत असतात.