लॉकनट

कॅव्हिटी फिल्टरचे स्क्रू जुळवणं कुणालाही शिकवता येतं. खरी परीक्षा लॉकनट आवळताना. स्क्रीनवर कर्व्ह हवा तसा बसलेला असतो आणि पाना फिरला की जागचा हलतो. म्हणून तो किती सरकेल हे आधीच धरून स्क्रू मुद्दाम जरा चुकवून ठेवायचा. हा अंदाज माझ्या बोटांत होता. आता उजवा हात कापतो.

आमचं काम निफाडकडच्या द्राक्षबागांतल्या लोरा गेटवेंच्या फिल्टरांचं. बागेतले सेन्सर गेटवेशी 865 ते 867 मेगाहर्ट्झवर बोलतात, 869 पासून मोबाइल टॉवर सुरू. सेन्सरचा सिग्नल उणे 130 डीबीएम, टॉवर अगदी शेजारी असला तर त्याचा उणे 20. म्हणजे दहा हजार कोटी पट! रिसीव्हर बहिरा होणारच. तरी काही महाभाग अँटेनाखाली ॲम्प्लिफायर जोडून मोकळे होतात. टॉवरचा सिग्नलही तेवढाच वाढतो, हे त्यांना कोण सांगणार? छोटा सॉ फिल्टर स्वस्त खरा, पण ॲम्प्लिफायरच्या आधी लावला तर दोन-तीन डेसिबल खातो आणि नंतर लावला तर ॲम्प्लिफायर आधीच गुदमरलेला. म्हणून कॅव्हिटी फिल्टरचा हा ॲल्युमिनियमचा ठोकळा.

त्यालाही ऋतू बाधतात. मे महिन्यात 35 अंशांत जुळवलेला नुसत्या ॲल्युमिनियमचा फिल्टर निफाडच्या 5 अंशांत आकसून सुमारे 0.6 मेगाहर्ट्झ वर सरकतो, थेट टॉवरच्या दिशेनं. तेही बागेत मणी फुगत असताना. स्क्रूचा धातू बदलून हे कमी होतं, संपत नाही.

सध्या पाना हाताखालच्या मुलीकडे आहे. ती नट थोडा आवळते, बघते, सैल करते, पुन्हा आवळते. मी एका दमात आवळायचो आणि तेव्हा कुणीतरी बघत असावं असं वाटायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला आद्याक्षरही कोरायचो, ते कुणी उघडणार नाही हे ठाऊक असून! परवा तिचा एक फिल्टर उघडला तो केवळ खोट सापडावी म्हणून. सापडली नाही. आत नावही नव्हतं.

ती प्रत्येक फिल्टर पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी बाहेर काढल्याबरोबर मोजते. मी आधी हसलो होतो. तिचे फिल्टर थंडीत माझ्यापेक्षा बरे टिकतात.

गेटवे बसवणाऱ्यांनो, फिल्टर घेताना खोलीतल्या तापमानाचा आलेख बघून भुलू नका. 5 अंशांवरचा मागा.