बोटीचा रस्ता

लंडनच्या भाचीचा आज फोन आला. सुट्टीत फ्रान्सला स्वस्त विमानानं जावं की डोव्हरहून कॅलेला बोटीनं? तिथं समुद्र जेमतेम ३३ किलोमीटर रुंद. बोट साधारण दीड तासात गाडीसकट पलीकडे उतरवते. विमानाचं तिकीट कमी, पण बॅगेचे पैसे वेगळे आणि विमानतळ शहरापासून लांब. मी बोटच सुचवली.

आमच्या सातारा जिल्ह्यात मात्र बोट म्हणजे सुट्टी नव्हे. कोयना धरणाचं पाणी चढलं आणि खोऱ्यातली गावं एकमेकांपासून तुटली. बामणोली-तापोळ्याच्या पलीकडच्या माणसांना बाजार, दवाखाना, कचेरी, सगळ्यासाठी लाँच. जीप न्यायची तर तराफा. वासोट्याला निघालेले पर्यटक फोटो काढतात, जरूर काढावेत. पण अडलेली बाई रात्री त्याच पाण्यावरून न्यायची वेळ आली तर, हा विचार मला सोडत नाही. राज्याला वीज मिळाली ती या खोऱ्यातल्या माणसांच्या जमिनी बुडवून.

तेच पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीला जातं. तिथं १९२९ पासून आयर्विन पूल आहे. पूरही तिथंच मोजतात, ४५ फुटांना धोका. तरी ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. बायका-मुलं बुडाली. ती बातमी मी अजून विसरू शकत नाही. कोयनेवरच्या प्रत्येक लाँचमध्ये, कृष्णाकाठच्या प्रत्येक गावच्या बोटीत माणसागणिक लाइफ जॅकेट हवं, आणि ते मृगाआधी तपासलेलं हवं.