डावा हात

गेल्या महिन्यांत माझ्या मुलीनें एक गिटार विकत आणली. डाव्या हाताची गिटार दुकानांत नव्हती; "तोंवर हीच उजव्या हातानें शिका," असा सल्ला दुकानदारानें दिला. घरीं येतांच तिनें सगळ्या तारा उतरविल्या, गिटार उलटी धरली आणि जाड तार वर, बारीक तार खालीं अशा क्रमानें त्या पुन्हां चढविल्या. "हें कुणीं शिकविलें?" मीं विचारलें. "जिमी हेंड्रिक्सनें, बाबा!"

हेंड्रिक्सचें वादन म्हणजे निव्वळ गोंगाट, असें माझें ठाम मत होतें. माझ्यासारख्या प्राध्यापकांचीं मतें बहुधा न ऐकतांच ठाम होतात! परंतु त्या उलट्या गिटारीच्या कुतूहलानें मीं त्याचें चरित्र वाचावयास घेतलें.

२७ नोव्हेंबर १९४२ रोजीं अमेरिकेंतील सिॲटल शहरीं तो जन्मला. वडील बागकाम करून पोट भरीत. लष्करांत थोडे दिवस काढून तो इतरांच्या मागें साथ करीत हिंडला; १९६६ सालीं लंडनला गेला आणि तेथें त्याचें नांव झालें. चारच वर्षांनीं, १८ सप्टेंबर १९७० रोजीं, त्याच शहरांत वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं तो वारला. हयातींत त्याच्या स्टुडिओंतील ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या इनमिन तीन. गिटार तो मुलीसारखीच उलटी धरी. तारांचें कंपन टिपणारें एक पिकअप तींत तिरपें बसविलेलें असतें. गिटार उलटतांच त्याचा कल फिरतो, खर्जाच्या तारा अधिक खणखणीत बोलतात आणि वरच्या सुरांची धार सौम्य होते. अडचणींतूनच त्याला स्वतःचा आवाज मिळाला.

मग मुलीनें मला वुडस्टॉकचें वादन ऐकविलें. १८ ऑगस्ट १९६९ ची सकाळ. व्हिएतनामचें युद्ध चालू होतें. आपल्या देशाचें राष्ट्रगीत तो वाजवीत होता आणि मधूनच त्या सुरांतून बाँबची शीळ, भोंग्याचा आक्रोश उठत होता. शब्द एकही नव्हता. तरी असा जळजळीत अर्थ मला कित्येक नामांकित कवितांत आढळलेला नाहीं.

परंतु माझ्या मनांत रुतून बसली ती निराळीच गोष्ट. त्याचा धाकटा भाऊ लेऑन सांगतो कीं, डावखुरेपण वडिलांना अशुभ वाटे. म्हणून ते खोलींत आले कीं जिमी गिटार झटकन् उजवी धरी आणि ते गेले कीं पुन्हां उलटी! चरित्र वाचतांना आपण नायकांत स्वतःला शोधतों. मला मात्र त्या पानावर बापच भेटला.

मीही जन्मतः डावखुराच. शाळेंत बोटांवर पट्टी बसली. घरीं तीर्थ घ्यावयाचें तें उजव्या हातावर. आपल्या भाषेनेंही आमची गय केलेली नाहीं. सरस तें 'उजवें', वगळणें म्हणजे 'डावलणें', आणि क्षुद्र तो 'डाव्या हातचा मळ'! एवढें सोसूनही मुलीनें प्रथम डाव्या हातांत पेन्सिल धरली, तेव्हां ती काढून मींच तिच्या उजव्या हातांत दिली. माझ्यासमोर ती उजव्या हातानें लिही. माझ्यामागें काय करी, हें मला पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें.

हेंड्रिक्सच्या बापाला मी दोष देणार नाहीं. मुलाला पहिली विजेची गिटार त्यानेंच घेऊन दिली, आणि मुलाच्या पश्चात् न्यायालयांत दाद मागून त्याच्या संगीताचे हक्क १९९५ सालीं त्यानेंच परत मिळविले. प्रेम होतें, फक्त हात ओळखतां आला नाहीं. आणि काळाची थट्टा अशी कीं, त्याचा नाद साधावा म्हणून उजव्या हाताच्या वादकांसाठींही उलट्या माथ्याच्या नि उलट्या पिकअपच्या गिटारी फेंडर कंपनीनें पुढें काढल्या!

परवां संध्याकाळीं मुलीच्या खोलीकडे गेलों. माझी चाहूल लागतांच गिटार थांबली. "थांबूं नकोस. मी ऐकायलाच आलों आहें," मीं म्हटलें. क्षणभर तिनें माझ्याकडे पाहिलें आणि मग डाव्या हातानें तार छेडली.