सलूनची खुर्ची

अब्बा दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत. जुम्म्याच्या नमाजाआधी दाढी नीट करायला सलूनमध्ये मात्र न चुकता जायचे. त्यांना रक्तदाब आहे हे आम्हाला कळलं ते पक्षाघाताच्या झटक्यानंतर. त्यातून ते उठले नाहीत.

म्हणून लॉस एंजेलिसमधल्या एका संशोधनाबद्दल वाचताना मी थबकले. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाब फार, आणि डॉक्टरांवर भरवसा कमी. तो उगाच नाही. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी उपदंश झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीयांचा आजार नुसता बघत ठेवला. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. अशा समाजाला 'तपासून घ्या' कोणी सांगायचं?

डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी केस कापणाऱ्यांची मदत घेतली. ५२ दुकानं, ३१९ गिऱ्हाइकं. काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन रक्तदाब मोजत आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी ठरवून औषध देत. बाकीच्या दुकानांत कारागीर फक्त चार गोष्टी समजावून डॉक्टरांकडे जायला सांगत. सहा महिन्यांत पहिल्यांचा वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्यांचा ९ ने. म्हणजे नुसत्या सांगण्यानं फार होत नाही. औषध खुर्चीपर्यंत यावं लागतं. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. अब्बा त्याआधीच गेले होते.

मय्यतीला सलूनवाले चाचा आले होते. म्हणाले, "डोकं जड झालंय म्हणायचे, बेटी. मी मालिश करून द्यायचो."